ओट्यावरची माणसं: हार्लेममधल्या फोटो वॉकला जाताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही पुण्याहून कोलंबिया विद्यापीठात शिकायला आलात आणि वर्षभरापासून मॉर्निंगसाइड पार्कच्या पायथ्याशी, न्यूयॉर्कमधल्या हार्लेममध्ये राहताय. तुमच्या ब्लॉकवरच्या रहिवाशांनी पुढच्या महिन्यात एका शनिवारी फोटो वॉक, म्हणजे सगळ्यांनी मिळून चालत फोटो काढायचा कार्यक्रम, ठेवलाय. हार्लेममधलं ब्लॅक जीवन आणि 'हे घर आमचं आहे' ही भावना साजरी करायची, असं पत्रकावर लिहिलंय. खाली 'सगळ्यांचं स्वागत' असंही आहे. तुमच्याकडे मिररलेस कॅमेरा आहे, 24-70 ची लेन्स आहे. जावं की नाही, परवानगी कशी मागावी, काय टिपावं, हे तुम्ही विचारलंय. शेवटी ताजा कलम टाकावा तसं एक वाक्य आहे: ब्लॅक मैत्रिणींचे फोटो काढले की चेहरे एकतर काळेठिक्कर येतात, नाहीतर राखेसारखे.

माझ्या मते तुमच्या सगळ्या प्रश्नांची गाठ त्या शेवटच्या वाक्यात आहे. चेहरा नीट येत नाही याचं निम्मं कारण कॅमेऱ्यात असतं. उरलेलं निम्मं आपण कुठे उभे आहोत आणि फोटो कुणासाठी काढतोय यात असतं. मी गेली 22 वर्षं या शहरात फोटो काढते, त्यातली बरीचशी हार्लेममध्ये. असे वॉक मी चालवलेत, आणि दुसऱ्यांनी चालवलेल्या वॉकमध्ये नुसती मागून चाललेही आहे. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

वॉकला जरूर जा. जाताना एकच गोष्ट मनाशी ठरवून जा: ज्याचा फोटो काढाल, त्याच्या हातात तो सगळ्यात आधी पडला पाहिजे. लेन्सपासून परवानगीपर्यंतचं बाकीचं सगळं यावरून ठरत जातं. मला हे एका सलूनमध्ये कळलं.

2004 च्या हिवाळ्यातली गोष्ट. मला इथे येऊन जेमतेम दीड वर्ष झालं होतं. लेनॉक्स अ‍ॅव्हेन्यूवरून जाताना एका सलूनच्या काचेतून आतलं दिसलं. साठीचे मालक गिऱ्हाइकाच्या मानेवर वस्तरा फिरवत होते, गिऱ्हाइकाच्या अंगावर पांढरंशुभ्र कापड, मागे आरसे. मी बाहेरूनच क्लिक केलं. मालकांनी वस्तरा शांतपणे खाली ठेवला, हात पुसले आणि बाहेर आले. म्हणाले, "फोटो कशाला काढलास?" मी म्हटलं, "फार छान दिसत होतं." ते म्हणाले, "कुणाला?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. कॅमेरा फिल्मचा, त्यामुळे फोटो पुसून टाकायची सोय नव्हती. मी रोल काढून द्यायला निघाले, तर म्हणाले, "रोल नको. धुऊन आण. मला बघू दे." नऊ दिवसांनी प्रिंट घेऊन गेले. त्यांनी ती खिडकीच्या उजेडात धरली, बराच वेळ पाहिली आणि म्हणाले, "कापड झकास आलंय. मी कुठे आहे?"

खरंच ते नव्हते. कापडाची घडीन् घडी मोजता येत होती, आणि वर डोळे-नाक नसलेला एक काळा आकार. मी डार्करूममध्ये परत गेले. तारेला लावलेली पुठ्ठ्याची चकती चेहऱ्यावर हलवत, तेवढा भाग उजळ करत, चार प्रिंट काढल्या. डोळे आले, पण मळके, दाणेदार आले, कारण निगेटिव्हवर मुळात काही नव्हतंच. त्यातली एक प्रिंट पाहून ते म्हणाले, "आता आत ये आणि पुन्हा काढ." पुढच्या गुरुवारी मी बाकावर जाऊन बसले. पहिले दोन तास कॅमेरा मांडीवर होता. येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या गप्पा ऐकल्या, कोण कुणाचा कोण ते कळलं. मग त्यांच्या गालावर उजेड मोजायचं मीटर लावून फोटो काढले. त्यातला एक दुकान बंद होईपर्यंत आरशाच्या चौकटीत खोचलेला होता. भाडं परवडेना म्हणून दुकान बंद झालं.

आता यातली कॅमेऱ्याची बाजू आधी सांगते, कारण ती आजच सुधारता येईल.

कॅमेऱ्याचं मीटर समोरचं जग सरासरीने मधल्या राखाडी छटेचं आहे, म्हणजे साधारण 18 टक्के उजेड परत फेकणारं आहे, असं धरून चालतं. फ्रेममध्ये पांढरं कापड, आकाश किंवा उजळ भिंत मोठी असली की ते म्हणतं, उजेड जास्त झाला, आणि एक्स्पोजर खाली खेचतं. गोऱ्या चेहऱ्याला ते थोडंफार चालून जातं, गडद चेहरा मात्र अंडर, म्हणजे काळपट, जातो. माझ्या सलूनमधल्या फोटोत नेमकं हेच झालं होतं.

पण सगळा दोष मीटरच्या गणितावर टाकून चालणार नाही. रंगीत फिल्मच्या काळात कोडॅक लॅबना एक नमुना कार्ड पाठवायची, त्यावर एका गोऱ्या बाईचा फोटो असे. ते छापणाऱ्यांमध्ये 'शर्ली कार्ड' नावानेच ओळखलं जाई. तिची त्वचा बरोबर आली म्हणजे मशीन बरोबर लागलं, अशी रीत. गडद तपकिरी छटा फिल्मवर नीट येत नाहीत ही तक्रार कंपनीत जोरात पोचली ती फर्निचर आणि चॉकलेट बनवणाऱ्यांकडून, त्यांच्या जाहिराती बिघडत होत्या म्हणून. वेगवेगळ्या वर्णाच्या बायका एकत्र असलेली कार्डं 1990 च्या दशकाच्या मध्यात आली. म्हणजे शाळेच्या ग्रुप फोटोत ब्लॅक मुलांचे फक्त दात आणि डोळे दिसायचे, त्याच्या मुळाशी 'कुणाचा चेहरा प्रमाण मानायचा' हा निर्णय होता. आजचे सेन्सर कितीतरी पटींनी चांगले आहेत. तरी ऑटोवर ठेवलेला कॅमेरा अजूनही सरासरीच काढतो.

तर स्पॉट मीटर, म्हणजे फ्रेममधल्या एका छोट्या ठिपक्याचाच उजेड मोजणारी सोय, लावा आणि तो गालावर धरा. मीटर त्या गालाला राखाडी करायला बघेल, म्हणजे त्वचा आहे त्यापेक्षा उजळ आणि फिकट येईल. म्हणून अर्धा ते एक स्टॉप खाली या (एक स्टॉप खाली म्हणजे उजेड निम्मा, वर म्हणजे दुप्पट). किती, ते माणसावर अवलंबून आहे. 'ब्लॅक' म्हणजे एकच रंग नाही, मधापासून जांभळ्या छटेच्या काळ्यापर्यंत सगळे तपकिरी रंग त्यात येतात. उलट, स्पॉट न वापरता पूर्ण फ्रेमचं मीटर वापरत असाल आणि मागे उजळ भिंत असेल, तर एक स्टॉप वर जा. फोनवर चेहऱ्यावर बोट दाबून धरा, फोकस लॉक झाला की सूर्याची खूण वर-खाली सरकवा. स्क्रीनवर फोटो 'छान' दिसतोय यावर विसंबू नका, उन्हात स्क्रीन नेहमी फसवते. हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या गडद-उजळ छटांचा आलेख, पाहा.

याहून मोठी गोष्ट म्हणजे उजेडाची दिशा. गडद त्वचेचा आकार लकाकीतून कळतो: कपाळावर, गालाच्या हाडावर, नाकाच्या शेंड्यावर जो उजेड झळकतो त्यातून. फ्लॅश समोरून मारलात तर ती लकाकी पांढऱ्या ठिपक्यासारखी येते आणि बाकी चेहरा सपाट होतो. मोठा, मऊ, बाजूने येणारा उजेड हवा. आणि तो हार्लेमच्या आडव्या गल्ल्यांमध्ये फुकट मिळतो. या गल्ल्या पूर्व-पश्चिम आहेत आणि ऊन दक्षिणेकडून येतं. त्यामुळे दक्षिणेच्या रांगेतल्या घरांचे ओटे दुपारभर सावलीत असतात आणि समोरच्या उत्तरेच्या रांगेवर ऊन पडलेलं असतं. ती समोरची ब्राऊनस्टोनची, म्हणजे तपकिरी दगडाची, भिंत म्हणजे तुमचा रिफ्लेक्टर. तिच्यावरून परतणारा उजेड उबदार असतो. दुपारी अडीच-तीनला अशा ओट्यावर बसलेल्या माणसाचा चेहरा असा काही उजळतो की स्टुडिओतही तसं जमणार नाही.

'ओटा' हा शब्द मी मुद्दाम वापरते. इथे त्याला स्टूप म्हणतात: रस्त्यापासून घराच्या दारापर्यंत चढत जाणाऱ्या दगडी पायऱ्या. पण त्याचा उपयोग आपल्या ओट्यासारखाच. संध्याकाळी तिथे बसायचं, येणाऱ्या-जाणाऱ्याची चौकशी करायची, पोरांवर लक्ष ठेवायचं. तुमच्या वॉकच्या पत्रकातलं ते 'घरपण' मला पायऱ्यांवरच सगळ्यात जास्त दिसतं.

एडिटिंगबद्दल एवढंच: शॅडोचा स्लायडर सरसकट वर ओढू नका. राखेसारखे चेहरे त्यातूनच येतात, त्वचेतला तांबूसपणा निघून जातो. चेहऱ्यापुरता मास्क घ्या, म्हणजे तेवढाच भाग निवडा, थोडंच उजळा, व्हाइट बॅलन्स किंचित उबदार ठेवा. आणि प्रत्येक फोटो उजळलाच पाहिजे असंही नाही. रॉय डिकरावा (1919 ते 2009) हार्लेममध्ये जन्मले, तिथेच त्यांनी फोटो काढले. गुगेनहाइम फेलोशिप मिळालेले ते पहिले आफ्रिकन-अमेरिकन फोटोग्राफर, 1952 साली. त्यांच्या प्रिंट मुद्दाम गडद असतात. काळ्याच्या आत काळा, त्याच्या आत राखाडी, आणि जरा थांबून पाहिलं की अंधारातून माणूस समोर येतो. अंधारातही माणूस शाबूत राहतो, हा त्यांचा हात. अंधारात माणूस हरवला तर ती आपली चूक. हा फरक कुठल्याही स्लायडरने कळत नाही, प्रिंट पाहूनच कळतो.

इथे एक मन मोकळं करते. माझ्या वडिलांचा साताऱ्यात फोटो स्टुडिओ होता. स्थळांना पाठवायचा फोटो काढायला मुली येत, आणि बरोबरचं कुणीतरी हळूच सांगे, "जरा उजळ करून द्या हो." वडील रात्री निगेटिव्हवर बारीक पेन्सिल फिरवायचे. निगेटिव्हवर जितकी पेन्सिल, प्रिंटमध्ये तितका उजाळा. मी शेजारी बसून पेन्सिलींना टोक काढून द्यायची. 'सावळी पण नाकी-डोळी नीटस' यातला 'पण' मी लहानपणापासून ऐकलाय, तुम्हीही ऐकला असणार. तो 'पण' आपल्या डोळ्यात बसलेला असतो. हार्लेममधल्या माणसाचा चेहरा उजळताना आपण त्याचे डोळे दिसावेत म्हणून उजळतोय, की आपल्या नजरेला तसा बरा वाटतो म्हणून, हे स्वतःला विचारा. मला हे विचारायला बरीच वर्षं लागली.

शब्दांचंही तसंच. मराठीत 'काळे लोक' म्हणताना आपला सूर काय होतो ते ऐका. मी 'ब्लॅक' म्हणते, कारण तो त्यांनी स्वतःसाठी अभिमानाने घेतलेला शब्द आहे.

आता परवानगी. कायद्याने न्यूयॉर्कच्या रस्त्यावर फोटो काढायला परवानगी लागत नाही. एखाद्याचा फोटो जाहिरातीसाठी किंवा व्यापारासाठी वापरायचा असेल तर मात्र राज्याच्या नागरी हक्क कायद्याच्या 50 आणि 51 या कलमांप्रमाणे लेखी संमती लागते. कायद्याचा विषय इथे संपतो आणि शेजारधर्माचा सुरू होतो. या वस्तीत 'कुणीतरी आपल्यावर नजर ठेवून आहे' या गोष्टीचा इतिहास आहे. 2011 या एका वर्षात न्यूयॉर्क पोलिसांनी रस्त्यावर लोकांना थांबवून चौकशी-झडती केल्याच्या 6 लाख 85 हजारांहून जास्त नोंदी आहेत, आणि त्यात बहुसंख्य ब्लॅक आणि लॅटिनो होते. 2013 मध्ये फेडरल न्यायाधीशांनी ही पद्धत ज्या तऱ्हेने राबवली गेली ती घटनाबाह्य ठरवली. ज्या तरुणाला कोपऱ्यावर उभं राहण्यावरून चारदा थांबवलं गेलंय, त्याच्याकडे रस्त्यापलीकडून लांब लेन्स रोखली की त्याला काय वाटेल? म्हणून लांबची लेन्स घरी ठेवा. तुमची 24-70 ठीक आहे, 35 च्या आसपास ठेवा. त्या लेन्सने फोटो काढायचा तर माणसाच्या बोलण्याच्या अंतरावर जावंच लागतं.

विचारायचं कसं? आधी 'गुड मॉर्निंग'. हार्लेममध्ये, विशेषतः वडीलधाऱ्यांशी, नमस्कार न करता थेट कामाचं बोलणं उद्धटपणाचं समजतात. त्या पिढीतली बरीच घरं दक्षिणेकडून आलेली. 1910 ते 1970 या काळात साठेक लाख ब्लॅक माणसं दक्षिणेतली राज्यं सोडून उत्तरेकडे आणि पश्चिमेकडे गेली, आणि येताना आपल्या रीतीभाती घेऊन आली. आजीच्या वयाच्या बाईला 'मॅम' म्हणा. ओळख झाली की 'मिस' लावून पहिलं नाव, जसं आपण 'ताई' लावतो. मग खरं ते सांगा: मी अमुक नंबरच्या घरात राहते, आज ब्लॉकचा वॉक आहे, तुमचा फोटो काढला तर प्रिंट आणून देईन. हे शेवटचं वाक्य फार मोलाचं आहे, पण ते पाळायचं असेल तरच बोला. ही वस्ती न पाळलेल्या शब्दांनी थकलेली आहे.

नाही म्हणाले तर हसून 'बरं' म्हणा, आणि लगेच पाठ फिरवू नका. दोन मिनिटं गप्पा मारा. फोटो नाही मिळाला म्हणून माणूसही सोडून दिला, असं दिसता कामा नये. लहान मुलांचे फोटो आई-बाप किंवा आजी समोर असतील आणि हो म्हणतील तरच. चर्चमध्ये कॅमेरा पिशवीत. रविवारी गॉस्पेल, म्हणजे चर्चमधली भक्तिगीतं, ऐकायला पर्यटकांच्या रांगा लागतात, प्रार्थना चालू असताना लोक फोन वर धरतात. तिथल्या मंडळींना याचा किती त्रास होतो ते मी जवळून पाहिलंय. बाहेर पायऱ्यांवर टोप्या घातलेल्या आज्या भेटतात. त्या टोप्या खास रविवारच्या असतात, आणि त्यांचं कौतुक केलेलं त्यांना आवडतं.

एकशे सोळाव्या रस्त्यावर गेलात तर वेगळं वागावं लागेल. तो भाग 'लिटल सेनेगल' म्हणून ओळखला जातो. पश्चिम आफ्रिकेतून आलेली दुकानदार मंडळी तिथे आहेत. कुणाच्या कागदपत्रांचं काय चाललंय ते आपल्याला माहीत नसतं, आणि चेहरा नेटवर जाणं कुणाला महागात पडू शकतं. तिथे मी कापडाच्या ठाणांचे, हातांचे, हिशेबाच्या वहीचे फोटो काढते, तेही विचारूनच. 'ब्लॅक वस्ती' असं आपण एका दमात म्हणतो, पण कॅरोलिनाहून आलेल्या घराची नात, बार्बाडोसच्या आजोबांचा नातू आणि डाकारहून आलेली शिंपीण यांचं कॅमेऱ्याशी नातं एकसारखं नसतं.

तुमच्या बाबतीत अजून एक गोष्ट. तुम्ही 'कोलंबियात शिकते' म्हणालात की काही चेहरे किंचित आवळतील. ते मनाला लावून घेऊ नका, पण कारण ठाऊक असू द्या. मॉर्निंगसाइड पार्कमधलं तळं आणि धबधबा तुम्ही रोज पाहत असाल. विद्यापीठाला तिथे सार्वजनिक बागेत व्यायामशाळा बांधायची होती. वरच्या अंगाने विद्यापीठाचं दार, आणि खालच्या अंगाने हार्लेमच्या लोकांसाठी वेगळं दार. 1968 मध्ये विद्यार्थी आणि रहिवासी मिळून उभे राहिले आणि काम थांबलं. त्यासाठी खोदलेल्या खड्ड्याचं पुढे ते तळं झालं. ही जखम जुनी असली तरी विसरलेली नाही, कारण जागा जाण्याची भीती आजही खरी आहे. 2008 च्या सुमारास मार्कस गार्वी पार्कमध्ये उन्हाळ्याच्या शनिवारी वर्षानुवर्षं वाजणाऱ्या ढोलांबद्दल शेजारच्या नव्या इमारतीतल्या लोकांनी तक्रार केली, आणि ढोलवाल्यांना आपली बसायची जागा हलवावी लागली. 2017 मध्ये घरांच्या दलालांनी दक्षिण हार्लेमला 'सोहा' म्हणायचा घाट घातला, त्यावर लोक भडकले. गावाचं नावच बदललं तर गाव कुणाचं राहिलं? तुमच्या वॉकमागे ही सगळी बोलणी आहेत. 'आम्ही इथे आहोत, इथलेच आहोत' असं म्हणण्यासाठी शेजारी कॅमेरे घेऊन निघतायत.

मग आपल्यासारख्या मराठी माणसाचं तिथे काय काम, असं तुम्हाला वाटलं असेल, प्रश्नात ते न लिहिताही जाणवलं. आपलं नातं जुनं आहे हो. जोतीराव फुल्यांनी 1873 साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना. बाबासाहेब 1913 ते 1916 तुमच्याच विद्यापीठात होते, टेकडीच्या वर, आणि टेकडीच्या खाली त्याच वर्षांत हार्लेम ब्लॅक हार्लेम होत होतं. 1946 मध्ये त्यांनी ब्लॅक विचारवंत डू बॉईस यांना पत्र लिहिलं, डू बॉईसांनी उत्तरही दिलं. 1972 मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली तिने नाव घेतलं ते कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या ब्लॅक पँथर पक्षावरून. हे नातं ठाऊक असलं की पावलाला थोडं बळ येतं. मात्र ते वॉकमध्ये भाषण करून सांगू नका. कुणी विचारलं तर सांगा, लोकांना फार आवडतं.

वॉकचा मार्ग अजून ठरला नसेल तर माझं एक सुचवणं तुमच्या आयोजकांपर्यंत पोचवा. एकशे पस्तिसाव्या रस्त्यावरच्या शॉम्बर्ग सेंटरपासून निघा. हे ब्लॅक इतिहासाचं ग्रंथालय, 1926 मध्ये आर्तुरो शॉम्बर्ग यांच्या संग्रहापासून वाढलेलं. आत फरशीवर नद्यांची एक रचना कोरली आहे आणि तिच्याखाली कवी लँग्स्टन ह्यूज यांच्या अस्थी आहेत. याच एकशे पस्तिसाव्या रस्त्यावर फोटोग्राफर जेम्स व्हॅन डर झी यांचा स्टुडिओ होता. तिथून एकशे अडतिसाव्या रस्त्यापर्यंत चालत जा आणि स्ट्रायव्हर्स रो पाहा. 1890 च्या दशकाच्या सुरुवातीला बांधलेली ही देखणी घरं. 1919-20 पर्यंत ती ब्लॅक माणसाला विकली जात नव्हती, आणि विकली जाऊ लागल्यावर तिथे डॉक्टर, वकील, वादक राहायला आले. फाटकाच्या खांबावर 'घोडे चालवत न्या' अशी सूचना अजून आहे. सगळं मिळून दीडेक किलोमीटरही भरत नाही. वॉकमध्ये यापेक्षा जास्त अंतर ठेवू नका, नाहीतर लोक चालतच राहतात, थांबत नाहीत. दहापेक्षा जास्त जण असतील तर दोन गट करा. एका ओट्यासमोर पंधरा कॅमेरे उभे राहिले की तो पत्रकारांचा घोळका होतो.

व्हॅन डर झींचं नाव आलंच आहे तर थोडं थांबते, कारण माझ्या कामावर वडिलांनंतर सगळ्यात जास्त उपकार त्यांचे आहेत. लग्नं, बारशी, अंत्ययात्रा, लॉजची (म्हणजे बंधुमंडळांची) मंडळी, सगळ्या हार्लेमचे फोटो त्यांनी काढले. रंगवलेले पडदे लावायचे, निगेटिव्हवर काम करायचे, कधी हाताने दागिना रंगवायचे. 1932 सालचा त्यांचा एक फोटो आहे: एकशे सत्ताविसाव्या रस्त्यावर रॅकूनच्या फरचे कोट घातलेलं जोडपं आणि त्यांची कॅडिलॅक. पुरुष गाडीत बसलाय, बाई बाहेर उभी आहे, दोघं थेट आपल्याकडे बघतायत. हा फोटो चोरून घेतलेला नाही. त्यांना जसं दिसायचं होतं तसे ते उभे राहिले आणि फोटोग्राफरने त्यांची बाजू सांभाळली. माझ्या वडिलांनी पेन्सिलीने मुली 'उजळ' केल्या, यांनीही निगेटिव्ह घडवल्या, हत्यार एकच. पण मला दोन्ही फोटो शेजारी ठेवले की फरक दिसतो: एकात कुणा तिसऱ्याच्या पसंतीसाठी चेहरा बदललाय, दुसऱ्यात माणसाच्या स्वतःच्या इच्छेसाठी.

1969 मध्ये इथल्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने हार्लेमवर मोठं प्रदर्शन भरवलं. हार्लेममधल्या चित्रकारांची चित्रं, शिल्पकारांची शिल्पं त्यात नव्हती, म्हणून दारात निदर्शनं झाली. पण व्हॅन डर झींचे फोटो जगाला तिथेच कळले, वयाच्या 82 व्या वर्षी. ते प्रदर्शन पाहायला आलेला न्यूयॉर्कच्याच क्वीन्स भागातला एक किशोरवयीन मुलगा म्हणजे पुढे फोटोग्राफर झालेले डाउड बे. 1975 पासून त्यांनी हार्लेममध्ये फोटो काढले आणि 1979 मध्ये ते हार्लेममधल्याच स्टुडिओ म्युझियममध्ये लावले. ज्यांचे फोटो, त्यांना चालत जाऊन पाहता आले. पुढे 1980 च्या दशकाच्या शेवटी ते रस्त्यावर पोलरॉइडची अशी फिल्म वापरू लागले, जिच्यातून प्रिंट आणि निगेटिव्ह दोन्ही लगेच निघत. प्रिंट समोरच्या माणसाला द्यायची, निगेटिव्ह स्वतःकडे ठेवायची. मी वर म्हटलं ना, आधी त्याच्या हातात; ते इथून शिकलेलं आहे.

आता तुमच्या शनिवारचं. स्मारकांचे, पाट्यांचे, अपोलो थिएटरचे फोटो कुणीही काढतं, ते दोन-चार पुरे. दारिद्र्याचे तर नकोच. मोडकी खिडकी आणि तिच्याखाली उदास म्हातारा हा फोटो गेल्या शंभर वर्षांत हजारदा काढून झालाय. ओट्यावर वेण्या घालून घेणारी मुलगी पाहा. तिचं डोकं आईच्या गुडघ्यांत, एका हातात फोन, आईच्या दातांत कंगवा. बुद्धिबळाचा डाव बघणारे चौघे आणि न विचारता चाल सुचवणारा पाचवा. नव्या बुटांना डाग लागू नये म्हणून चिखलापाशी थबकलेला मुलगा. हे सगळं मी वॉकमध्येच पाहिलंय. आणि स्वतःलाही फ्रेममधून वगळू नका. कुणीतरी तुमचा फोटो काढायला मागेल, तेव्हा लाजून कॅमेऱ्यामागे लपू नका. तुम्हीही त्या ब्लॉकवर राहताय, आणि समोरच्याचा फोटो काढायचा तर आपणही त्याच्यासमोर उभं राहायला हवं.

नेटवर टाकायचे की नाही, हे तुमच्या आयोजकांनी ठरवावं. आमच्या वॉकमध्ये आम्ही आधी प्रिंट, मग विचारणा, मग नेट असा क्रम ठेवतो. ठिकाणाचा टॅग काढून टाकतो. तुमच्याकडे पद्धत वेगळी असू शकते, ती पाळा.

प्रिंटला फार खर्च नाही. 4 बाय 6 इंचांच्या प्रिंट कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानातल्या मशीनवर काढल्या तरी चालतात, फक्त पहिली एक काढून चेहरा बघा आणि गरज असेल तर फाइल थोडी उजळा; ती मशीन गडद छापतात. मागच्या बाजूला मऊ पेन्सिलीने तारीख आणि रस्ता लिहा. वडील लिहायचे. बॉलपेनने लिहू नका, त्याचा उठाव पुढच्या बाजूला दिसतो. वॉकनंतरच्या शनिवारी, त्याच वेळी, त्याच ब्लॉकवर आम्ही कुंपणाला दोरी बांधून सगळ्या प्रिंट लावतो. ज्याने-त्याने आपली काढून न्यायची. पहिल्या अर्ध्या तासात कुणी येत नाही, घाबरू नका. मग एखादी आजी येते, स्वतःची नेते, आणि शेजारणीची पण मागते. तासाभरात अर्धी दोरी रिकामी होते. उरलेल्या प्रिंट कोपऱ्यावरच्या दुकानात ठेवायला विचारा. दुकानदाराला बरोबर माहीत असतं कोण कधी दूध घ्यायला येतं. आणि चिमटे लाकडी घ्या. प्लॅस्टिकचे त्या गल्लीतल्या वाऱ्यात सुटतात, आणि प्रिंट थेट लेनॉक्सपर्यंत उडत जातात.